तळाच्या संघांचा प्रेक्षक

दापोड्याच्या गोदामांसमोर एक चहाची टपरी आहे. तिथं एक हमाल रोज दुपारी मोबाइलवर फुटबॉल बघत बसायचा, तोही आवाज बंद करून. जागतिक क्रमवारीत अगदी तळाला असलेल्या देशांची कसलीशी स्पर्धा चालू होती.

“असल्या मॅच कशाला बघता?” मी एकदा विचारलं.

“त्यांना दुसरं कोन बघतंय?”

त्या दिवशी राष्ट्रगीताच्या वेळी त्यानं एका गोलकीपरच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. “यो आज पडला का उठाचा न्हाय.”

उत्तरार्धात तो गोलकीपर खरंच धडकून पडला. खेळाडू त्याच्याकडे पाठ करून, त्याला झाकत त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले.

“तुम्हाला कसं कळलं?”

“तोंडावर दिसतं.”

मोबाइल खिशात टाकून तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “भाऊ, घरी कोन कोन हाय तुझ्या?”