मेव्हिसची शंभरी

लग्न होऊन मेव्हिस ट्रेलोर गेर्डनर तळ्याकाठच्या मेंढपाळाच्या घरी आली, ती पेटीत पोहायचा पोशाख घेऊन. नकाशात तळं निळंशार, आणि केवढं थोरलं! तिला कोण सांगणार की एअर काय, टॉरेन्स काय, गेर्डनर काय, देशातली मोठमोठी तळी सगळी एकाच माळेचे मणी? नजर पोचेल तिथवर मीठ, पाण्याच्या नावाने बोंब. तो पोशाख बघून तिचा नवरा क्लेम हसून हसून लोळला.

"तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. तू आपलं मीठ चाख!"

पोहणं राहिलं. पण मेंढ्या हाकता हाकता मेव्हिस मोटारसायकल शिकली, आणि नातवंडं झाल्यावर बाईला शर्यतीचं खूळ लागलं. उन्हाळा सरता सरता तळ्याच्या कडक मिठावर वेगाच्या शर्यती भरतात. मेव्हिसची गाडी तिनेच लोकर कातरायच्या शेडमध्ये बसून जोडलेली. ताशी शंभर मैल गाठले की क्लबच्या फळ्यावर नाव लागतं. तिचा काटा दर खेपेला नव्वदीतच अडून बसायचा, अगदी तिच्यासारखा हट्टी.

"तुझी शंभरी भरायच्या आत शंभर गाठ म्हणजे मिळवलं," क्लेम चिडवायचा. पण पहाटे उठून गाडीला तेलपाणी तोच करायचा.

यंदाची तिची शेवटची खेप होती. डोळे अधू झाले होते, आणि पुढच्या वर्षी शर्यतीच्या परवान्यावर सही करणार नाही, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. गाडी मात्र अशी जमली होती की सरावात काटा शंभराला शिवून आला. त्यातच दुसरं संकट. लागोपाठ तिसऱ्या वर्षी पावसाने दडी मारलेली, चारा संपलेला, आणि शर्यती आटोपल्या की कळपातल्या माद्या खाटकाकडे न्यायला ट्रक येणार. पाऊस आला तर मेंढ्या वाचणार आणि शर्यत बुडणार. मेव्हिस देवाकडे काहीच मागेना. मनातून तिला हवी होती शर्यत, आणि त्याची तिला लाज वाटायची.

शर्यतीच्या दिवशी रांगेत तिच्यापुढे एकच गाडी उरली होती. अंगात कातडी पोशाख, डोक्यावर हेल्मेट, शेजारी गाडी धरून क्लेम. पहिला थेंब तिच्या हेल्मेटच्या काचेवर पडला. दुसरा टाकीवर. मग आभाळ फाटलंच.

निशाणवाला लेस्टर धावत आला. "बंद! सगळं बंद! मेव्हिस, माफ कर गं. मीठ भिजलं, आता चाक रुतणार."

तीन वर्षं आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या क्लेमने गाडी सोडली, चार पावलं पुढे जाऊन डोक्यावरची टोपी मिठावर आपटली आणि वर बघून पावसालाच फैलावर घेतलं.

"अरे लेका, इतके दिवस कुठे उलथला होतास? आजच सुचलं तुला? अर्धा तास दम निघाला नाही? माझी बायको जाऊन आली असती, मग खुशाल बुडवायचं होतंस आम्हाला!"

रांगेतले लोक माना खाली घालून उभे राहिले. मेव्हिसने हेल्मेट काढलं. तिला रडू कोसळणार होतं, पण क्लेमचं तोंड थांबेना. तिने गाडी लेस्टरच्या हातात सोडली, धावत जाऊन नवऱ्याच्या तोंडावर हात दाबला.

"गप, मेल्या! शिव्या नको देऊस त्याला. ऐकेल, आणि जाईल परत!"