हेर फेल्टेन यांचे चार ठोके

गुरुवार, १८ फेब्रुवारी २०१६. सकाळचे ११ वाजून २० मिनिटे. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो.

तिसरी झाली आणि उर्सुलाचा फोन आला. "बाबा गेले. झोपेतच."

चौथी झाली का, आठवत नाही. वरण खाली लागलं.

उर्सुलाचे बाबा म्हणजे हेर फेल्टेन. हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. कोलोनमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे. वय ९३. तुमच्यापैकी कुणी त्यांना ओळखत नाही. आता जर्मनीतही फारसं कुणी ओळखत नाही.

पण महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत ते सोळा जणांच्या बिग बँडचे लीडर होते. पाच सॅक्सोफोन, तीन ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, बाकी ताल धरणारे.

फ्रँकफर्टजवळ अमेरिकन सैनिकांच्या क्लबात वाजवायचे. पगार सिगारेटी आणि कॉफीच्या डब्यांत. पुढे राइनकाठच्या डान्स हॉलमध्ये. मग गिटारवाली पोरं आली, हॉलमालकांना सोळा माणसं परवडेनात, आणि हेर फेल्टेन विमा कंपनीत लागले.

कुठल्याही कंपनीने त्यांची रेकॉर्ड काढली नाही. एका ट्रॉम्बोनवाल्याच्या भावाकडे तबकडीवर आवाज कोरायचं मशिन होतं. त्याने क्लबात बसून २२ गाणी उतरवली. एवढीच.

मी इथे बायकोच्या, मृणालच्या, पीएचडीमुळे आलो. माझा स्वतःचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सुटला. मिरजेत चार वर्षं एका स्टुडिओत भजनी मंडळांच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन साफ करायचो. मला तेवढंच येतं.

मृणालने हे जिन्यात हेर फेल्टेनना सांगितलं. दुसऱ्या दिवशी हेर फेल्टेन दारात, हातात पुठ्ठ्याचं खोकं.

"हेर माने, तुमची बायको म्हणते तुम्ही मेलेली गाणी उठवता."

ही गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट.

तबकड्यांवरची लाख सुटत आली होती. सुई फिरली की थर भुकटी होऊन निघायचा. म्हणजे प्रत्येक तबकडी एकदाच वाजणार होती. सुई ठेवताना मी श्वास धरायचो.

त्यांच्या खोलीत पडदे अर्धे ओढलेले असायचे. बाहेर राइनवरचं धुकं. ती सोळा माणसं त्या धुक्यातून चालत खोलीत आल्यासारखी वाजायची.

मध्येच कुणी हसायचं. ग्लास किणकिणायचे. हेर फेल्टेन डोळे मिटून मला एकेक माणूस दाखवायचे.

"हा एरिश. दोन वर्षं दुसऱ्याच्या बुटात वाजवलं ह्याने. एक नंबर मोठे होते. ऐका, पाय आपटतोय तो."

मी सगळं साफ केलं. खरखर काढली. सुरुवातीचे आवाज कापले. मूळ फाइल्स डिलीट केल्या, कारण एका गाण्याच्या दोन फाइल्स असल्या की चुकीची दिली जाईल अशी मला धास्ती असते.

एप्रिलमध्ये २२ गाण्यांच्या सीडी त्यांना दिल्या. पहिलं गाणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"छान. आणि मी कुठे आहे?"

"बँड तुमचाच आहे ना."

"मी काहीच वाजवायचो नाही, हेर माने. समोर उभा असायचो. सुरू करताना अंगठीने नोटेशनच्या स्टँडवर चार ठोके द्यायचो. टक, टक, टक, टक. त्या तबकड्यांवर मी तेवढाच होतो."

मिरजेत आमचा पहिला नियम हाच होता. भजनाआधी तबला हातोडीने जुळवतात, ती ठोकाठोक कापायची. खोकला कापायचा. "हं, घ्या बुवा" कापायचं.

मी तो नियम २२ वेळा पाळला होता.

तीन दिवस रिकव्हरीचे सगळे प्रयत्न केले. काही मिळालं नाही.

चौथ्या दिवशी खाली गेलो. माफी जर्मनमध्ये कागदावर लिहून नेली होती, प्रत्येक शब्द डिक्शनरीत तपासून. पहिल्याच ओळीत अडखळलो. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचला.

"एकही चूक नाही. विमा कंपनीत असतात तर तुम्हाला बढती दिली असती."

मग म्हणाले, "प्रसाद, केलरमधून माझा स्टँड घेऊन ये."

पहिल्यांदाच नावाने. पहिल्यांदाच एकेरीत.

तळघरातून तो पत्र्याचा स्टँड आणला, पुसला, माइक लावला. त्यांनी डोळे मिटले.

"जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं ते कळतं ना? गाण्याचं तसंच असतं. प्रत्येकाचं पाऊल वेगळं."

टक, टक, टक, टक.

मी ते ठोके गाण्याच्या आधी जोडले. प्ले केलं. बँड बरोबर जागेवर आला. कानाला तसूभरही फरक कळेना. सत्तर वर्षांपूर्वीची पोरं एका म्हाताऱ्या हातावर उठून वाजवायला लागली होती.

त्यानंतर दर मंगळवारी दुपारी एक गाणं. कॉफी, केक, चार ठोके, मग ते खुर्चीतच झोपायचे. मी हळूच माइक काढायचो.

नोव्हेंबरपर्यंत एकवीस झाली.

बाविसावं राहिलं. क्लब बंद करताना वाजवायचे ते, सगळ्यांत संथ. मी दर मंगळवारी विचारायचो. कधी दमलोय, कधी थंडी आहे, कधी "बरं, केक घे आधी."

परवाच्या मंगळवारी त्यांनी स्टँडवर हात ठेवला. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. त्यांनी हात उचलून घेतला.

"हे वाजलं की सगळे घरी जातात, प्रसाद. बस अजून थोडा वेळ."

मी बसलो. संध्याकाळपर्यंत बसलो.

उर्सुलाने विचारलंय, निरोपाच्या वेळी कोणतं गाणं लावायचं. मी बाविसावं सांगितलं.

मृणाल म्हणाली, "अरे, दुसऱ्या गाण्यातले ठोके जोड ना. कोणाला कळणार आहे?"

जोडून पाहिले. ठोके त्यांचेच, पण ती ह्या गाण्याची पावलं नव्हती. काढून टाकले.

गाण्याच्या आधी चार ठोक्यांची जागा मी रिकामी ठेवली आहे. बँडच्या लयीवरून मोजून, नेमकी.

एकूण गाणी २२. ठोके दिलेली २१. बाकी १.

पुढच्या शुक्रवारी अंत्यविधीच्या हॉलमध्ये सुरुवातीला काही ऐकू येणार नाही. मशिन बिघडलेलं नसेल.

या आता, हेर फेल्टेन. बँड तयार आहे.