दारावरची पाटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायचं ठरवलं की चहा टाकतो, भांडी आवरतो, खिडकीतून उगाच रस्ता बघत बसतो — आताही दोनदा उठून आलो.

इथे जर्मनीत, येनातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पायऱ्यांवरचा बर्फ काढायची पाळी असते. ज्याचा आठवडा, त्याच्या दारावर लाकडी पाटी. रविवारी संध्याकाळी ती पुढच्याच्या दारावर लावली, की आपण सुटलो. आमच्या आधी पाळी समोरच्या हाइकेची. हाइके पन्नाशीची, एकटीच राहणारी. माझी मुलगी किंडरगार्टनमधून आली की आम्ही ऑफिसातून येईपर्यंत तिच्याकडेच असायची.

त्या सोमवारी पाटी माझ्या दारावर होती. मी ती पाहिली होती — हे आधीच सांगून टाकतो. रात्री बर्फ पडला होता. एवढ्या थंडीत कोण मरायला जाईल, म्हणून पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. मग खालून ओरडणं ऐकू आलं. तळमजल्यावरचे म्हातारे क्राउझे पायरीवरून घसरले होते. खुबा मोडला होता त्यांचा.

ॲम्ब्युलन्स गेली. हाइके पहाटेच कामावर गेलेली, जिन्यात कुणी नाही. आणि मी काय केलं? पाटी काढली, तिच्या दारावर अडकवली.

घाबरलो होतो, दुसरं काय? क्रांकेनकासे, म्हणजे आरोग्य विमा कंपनी, आधी दवाखान्याचं बिल भरते आणि मग ज्याच्या चुकीने अपघात झाला त्याच्याकडून ते वसूल करते, हे ऑफिसात ऐकलं होतं. अशा वेळी आपल्या वतीने पैसे भरणारा वेगळा विमा असतो — हाफ्टफ्लिश्त. बायको वर्षभर मागे लागली होती. "अरे, इथे कुत्र्यांचासुद्धा असतो!" मी हसण्यावारी नेलं होतं.

संध्याकाळी हाइके आली आणि पाटीसमोर थबकली. "मी काल ही तुमच्या दारावर लावली होती ना?"

"नाही," मी म्हणालो. एवढंच — आणि तेही अगदी शांतपणे. पुढे क्रांकेनकासेने विचारलं तेव्हा तेच लिहून दिलं.

पैसे हाइकेच्या विम्यातून गेले. तिच्या खिशाला तोशीस नाही, असं मी स्वतःला कितीदा समजावलं! पण तिची आई शेवटी शेवटी पोटच्या लेकीलाही ओळखत नव्हती. हे मला तिनेच सांगितलेलं. नाही म्हणताना मला ते आठवलं होतं का? आठवलं होतं.

काही आठवड्यांनी तिने आमच्या घराची किल्ली परत आणून दिली. म्हणाली, "मुलीची जबाबदारी आता नको. माझा माझ्यावरच भरवसा राहिलेला नाही." तेव्हा बोलायला हवं होतं. मी किल्ली घेतली.

हाइकेकडे का नाही जायचं, असं मुलगी अजून विचारते — जर्मनमध्ये. मी मराठीत काहीतरी थातुरमातुर सांगतो. तिला ते पटत नाही.

हाइके आता पाटी लावली की आमची बेल वाजवते. मला बाहेर बोलावते. "बघा हं, लावली ना मी?" मी हो म्हणतो. मग ती मला पाटीशेजारी उभं करते, मोबाइलवर फोटो काढते आणि माझे आभार मानते.