ललिताबाईचं 'नाही तं'

रिसोडच्या शिवारात ललिताबाईचा धाक मोठा, आणि तो सगळा एका शब्दावर उभा होता. "नाही तं…!" पुढे काय, हे तिने कधी सांगितलं नाही. सांगणार काय कपाळ? तिलाच ठाऊक नव्हतं.

नवरा चंपत हे ओळखून होता. "मोटर बंद करजा, नाही तं…" म्हटलं की हो म्हणायचा आणि लिंबाखाली गप्पा ठोकत बसायचा. वांग्याची रोपं दोनदा पाण्यात सडली. आता तिसऱ्यांदा लावलेली गेली की हंगामच गेला. ललिताबाईचा सगळा जीव त्या वाफ्यात.

कॉलेजात शिकणाऱ्या भाचीने, सुप्रियाने, तिला मोबाइलचं अॅप बनवायला शिकवलं. रंगीत ठोकळे एकात एक बसवायचे, बस्स. 'जर बारापर्यंत मोटर बंद करून बटन दाबलं, तर शाब्बास म्हण. नाहीतर…' पुढचा ठोकळा रिकामा.

"आत्या, नाहीतर काय?"

आता आली का पंचाईत! माहेरी जाईन? माहेर पलीकडच्याच गल्लीत. भाकर देणार नाही? उपाशी नवरा तिच्यानं बघवत नाही. शेवटी ती हसली. "नाही तं जिजाबाईले फोन लाव."

जिजाबाई ही चंपतची थोरली बहीण, मानोऱ्याची. तिचं बोलणं गुडघेदुखीपासून सुरू होई आणि मधेच फोन ठेवला तर ती रुसून बसे.

अॅप चंपतच्या फोनात बसलं. पहिल्याच दिवशी तो विसरला. फोन आपोआप लागला. "बोल रे बाप्पा! आज बहिनीची आठोन कशी आली?" झालं! तिकडे मोटर भकाभका ओकतेय, इकडे चंपत "हो ताई, हो ताई" करत उभा. ललिताबाई धावत येईपर्यंत अर्ध्या वाफ्याचं तळं झालं.

"आवो, मोटर काहून नाही बंद केली?"

"कशी करू? ताई बोलून राह्यली ना!"

हात तुमची! तिने जिजाबाईला ठोकळ्यातून हाकललं आणि अॅपमध्ये स्वतःचाच आवाज भरला. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली फोन ओरडला, "मोटर बंद करजा, नाही तं…"

"नाही तं काय?" चंपतने विचारलं. फोन गप्प. काल बहीण निघाली, आज सासू निघाली तर? चपला तिथेच टाकून तो पळाला, मोटर बंद केली, बटन दाबलं.

"शाब्बास!" फोन ललिताबाईच्या आवाजात म्हणाला.

चंपत बघतच राहिला. एवढ्या संसारात हा शब्द तिच्या तोंडून त्याने कधी ऐकला नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, हळूच मोटर सुरू केली आणि पुन्हा बंद करून बटन दाबलं.