काड्यापेट्यांना शिकवणाऱ्या बाई

आमच्या गणिताच्या बाईंनी आयुष्यात एकाही यंत्राला फुकटचा मान दिला नाही. सुरतेत, त्यातून उधन्यात राहून असं वागायला छाती लागते. कारण तिथे घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या मशीनपुढे उभा राहून भाकरी मिळवतो आणि दसऱ्याला त्याच मशीनला झेंडू वाहतो. बाईही शाळेच्या घंटेला, घड्याळाला झेंडू वाहायच्या, पण वाहता वाहता "आता वर्षभर नीट वाग" असं दटावायच्याही. कॅल्क्युलेटरने केलेली बेरीज त्या हाताने पुन्हा करून बघत आणि जुळली की "बरोबर आहे हो तुझं" म्हणून त्याला शाबासकी देत. सुरत स्टेशनवर त्या काळी वजनाचं यंत्र होतं. रंगीत दिवे, गरगर फिरणारी चकती, आणि वजनाच्या तिकिटामागे छापलेलं भविष्य. एकदा नंदुरबारची पॅसेंजर लेट होती म्हणून बाई त्या यंत्रावर लागोपाठ तीनदा चढल्या. वजन तिन्ही वेळा तेच आलं, भविष्यं मात्र तीन. एकात त्या धाडसी होत्या, दुसऱ्यात प्रेमळ, आणि तिसऱ्यात त्यांना परस्त्रीपासून सावध राहायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ती तिन्ही तिकिटं त्यांनी सातवीच्या फळ्यावर खळीने चिकटवली आणि विचारलं, "यातलं यंत्राला खरोखर कळलं ते काय?" पोरं तिकिटं पुन्हा पुन्हा वाचू लागली. मग शेवटच्या बाकावरची रेखा म्हणाली, "फक्त वजन, बाई." बाई इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी त्यांनी गृहपाठच दिला नाही.

मी त्याच मराठी शाळेत भाषा शिकवायचो. शाळा दोन पाळ्यांची, पोरं बहुतेक खानदेशातून आलेल्या यंत्रमागवाल्यांची. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, सिनेमाची हिंदी, आणि उरलंच काही तर माझ्या तासाला मराठी. नव्वदच्या दशकामधली ती वर्षं. 'कंप्युटर' हा शब्द हवेत होता, यंत्र मात्र आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेलं. पोरांची खात्री होती की कंप्युटरला सगळं माहीत असतं आणि तो कधी चुकत नाही. रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेल्या इंग्रजी मासिकांत बाईंनी विचार करणाऱ्या यंत्रांबद्दल बरंच वाचलं होतं, आणि ही खात्री मोडून काढणं हे त्यांनी आपलं जीवितकार्य ठरवलं. अभ्यासक्रमात ते नव्हतं. "अभ्यासक्रमात पोहणंही नाही," त्या म्हणायच्या, "म्हणून तापीकाठच्या पोरांनी बुडायचं का?"

त्यासाठी त्या माझे तास मागून घेत. "सर, आजचा मराठीचा तास मला द्या. मला वाक्यं शिकवायची आहेत." मग त्या स्वतः यंत्र होत. पदर खोचून टेबलाशी ताठ उभ्या राहत आणि पोरांनी सांगितलेलं, फक्त सांगितलेलंच, करत. "पाणी प्या" म्हटलं तर हलत नसत. "तांब्या उचला, पेल्यात ओता" म्हटलं की ओतू लागत, आणि 'पुरे' कुणी म्हणत नाही तोवर ओततच राहत. पेला भरला, टेबल भिजलं, बाईंच्या चपला भिजल्या, पोरं खिदळतायत आणि बाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही! एकदा मुख्याध्यापक वर्गात शिरले तेव्हा बाई भिंतीला नाक लावून जागच्या जागी पाय आपटत होत्या.

"बाई, हे काय चाललंय?"

"यांनी 'चाला' म्हटलं, सर. 'थांबा' म्हटलेलं नाही."

मुख्याध्यापकांनीच शेवटी "थांबा" म्हटलं. बाई थांबल्या आणि वळून वर्गाला म्हणाल्या, "बघा, मोठ्या माणसालाच सुचलं." त्यामुळे त्यांना रागावताही येईना.

पण बाईंचं खरं कर्तृत्व म्हणजे काड्यापेट्या. नाक्यावरचा पानवाला, दोन चहावाले आणि बिडी ओढणारे यच्चयावत पालक यांच्याकडून त्यांनी महिनाभर रिकाम्या काड्यापेट्या जमवल्या. मुलांच्या आया घरी साड्यांना टिकल्या-मणी लावायचं काम करत. तिथून सांडले-उरलेले रंगीत मणी आले. नऊ घरांचा पट, एका बाजूला तीन चिंचोके, दुसऱ्या बाजूला तीन गुंड्या; पलीकडच्या ओळीत आधी पोचेल तो जिंकला. पटावर जितक्या तऱ्हेने डाव पडू शकेल तितक्या काड्यापेट्या; प्रत्येकीवर त्या डावाचं चित्र आणि पोटात रंगीत मणी. एकेक रंग म्हणजे एकेक चाल. पेटीची पाळी आली की डोळे मिटून एक मणी काढायचा आणि तो सांगेल ती चाल खेळायची. पेट्या हरल्या की त्यांना हरवणारा शेवटचा मणी बाहेर. बस्स, एवढंच. पोरांनी या यंत्राचं नाव ठेवलं गणपा.

पहिल्या दिवशी गणपाला पाचवीतल्या पोरानेही हरवलं. आठवड्याने त्याच्यापुढे कुणाचा टिकाव लागेना. एक मुलगा घाबरून म्हणाला, "बाई, याच्यात कोणीतरी बसलंय." बाईंनी पेटी उघडून त्याच्या तळहातावर उपडी केली. दोन मणी पडले. "हे बसलेत. बाकीचे चुकून चुकून बाहेर गेले, म्हणून हा शहाणा." मग एके दिवशी गणपाला काय झालं कोण जाणे, तो पुन्हा खुळ्यासारखा हरू लागला. चौकशीअंती कळलं, रेखाने आणि तिच्या मैत्रिणीने मधल्या सुट्टीत बाहेर काढलेले मणी परत भरून त्याला उलटं शिकवलं होतं. जिंकला की मणी काढून घ्यायचा, हरला की तसाच ठेवायचा. मला वाटलं आता छडी निघणार. बाईंनी दोघींना पुढे बोलावलं आणि सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. "आज तुम्ही सगळ्यांत मोठा धडा शिकलात. यंत्राला शिकवलं कोणी, हे विचारल्याशिवाय त्याचं ऐकायचं नाही."

आणि त्यानंतर महिन्याभरात ही रेखा शाळेत यायची बंद झाली.

आठ दिवस वाट बघून बाई मला घेऊन बमरोलीला तिच्या घरी गेल्या. तिचा बाप शिरपूरकडचा, मागावर काम करणारा, शांत माणूस. त्याने ट्रंकेतून एक कागद जपून काढला. मेव्हण्याने गावाकडचं एक स्थळ आणलं होतं आणि निर्णय होईना म्हणून हा पोरीची वेळ-तारीख घेऊन बाजारातल्या 'कंप्युटर ज्योतिष'वाल्याकडे गेला होता. कागदावर छापून आलं होतं: विद्येत खंड, पंधराव्या वर्षी विवाहयोग उत्तम. बाप म्हणाला, "मानूस खोटं बोलस, बाई. कंप्युटर कसं बोलई?" रेखा दाराआड बसून साडीला टिकल्या लावत होती. तिने मान वर केली नाही.

बाईंनी तिथे तो कागद वाचून नुसता परत दिला. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्यासकट थेट त्या ज्योतिषाच्या दुकानात. काचेची केबिन, गार हवा, आणि कंप्युटरला हार घातलेला. बाईंनी 'शारदा' नावाच्या मुलीची पत्रिका मागितली, तारीख आणि वेळ एका दमात सांगितली. यंत्राने कर्र कर्र करत कागद ओकला: विद्येत खंड, पंधराव्या वर्षी विवाहयोग उत्तम. बाहेर आल्यावर मी विचारलं, "ही शारदा कोण?"

"आपली शाळा," बाई म्हणाल्या. "कोनशिलेवरची तारीख, सकाळी अकरा वाजता."

मी रस्त्यात उभा राहून हसलो. महानगरपालिकेच्या दुमजली इमारतीला पंधराव्या वर्षी उत्तम स्थळ! दुकानातला पोरगेला मालक मागून काच उघडून विचारत होता, "शुं थयुं, बेन? जे कहे छे ते कंप्युटर कहे छे, हुं नथी कहेतो." बाई वळून म्हणाल्या, "एज तो वांधो छे, भाई." जे सांगतो ते कंप्युटर सांगतो, मी नाही, या त्याच्या म्हणण्यालाच बाईंची हरकत होती.

आम्हाला वाटलं, लढाई जिंकली. रविवारी रेखाच्या बापाकडून तिचा कागद मागून घेतला, शेजारी शारदाचा ठेवला आणि बाईंनी मोठ्या मजेने कोनशिलेची गोष्ट सांगितली. बाप हसला नाही. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"आमी गरीब शेतस, बाई, येडा नही. मनी पोरना कागद तुमले गंमत वाटना?"

त्याने दोन्ही कागद घडी करून ट्रंकेत टाकले आणि दारात उभा राहिला. आम्ही चपला घातल्या.

परतताना खाडीच्या पुलावर बाईंचा पाय मंदावला. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. मी त्या माणसाला काड्यापेटी समजले. मणी काढला की चाल बदलेल." थोडं अंतर गेल्यावर, माझ्याकडे न बघता, "माझी पत्रिका धुळ्याच्या एका गुरुजींनी पाहिली होती. कडक मंगळ. आई रडली, वडील गप्प बसले, आणि पुन्हा एकदा मांडून बघा असं कुणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. बीजगणितात मला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव होते, सर." इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसून मी या बाईंच्या विक्षिप्तपणावर स्टाफरूममध्ये किती विनोद केले होते, ते मला त्या पुलावर एकेक करून आठवलं.

पुढचा आठवडा बाईंनी नुसतं गणित शिकवलं. पेट्या कपाटात गेल्या. आणि मग एका दुपारी, शाळा सुटायच्या वेळी, रेखाचा बाप वर्गाच्या दारात उभा. डोक्यात मागावरचे तंतू, पाळी संपवून थेट आलेला. मागे रेखा, हातात चपलेचा खोका. खोक्यात काड्यापेट्या. घरी बसल्या बसल्या पोरीने टिकल्यांच्या कामातून मणी वाचवून स्वतःचा गणपा तयार केला होता आणि सुट्टीच्या दिवशी बापाला खेळायला बसवलं होतं.

"पहिले मी जिंकनू," तो म्हणाला. "मंग ह्या डब्यास्नी माले हरावाले सुरुवात करी. मी पोरले म्हनं, यामा भूत शे. तिनी मणी दखाडात."

तो बाकावर बसला; त्याला ते लहान पडत होतं. बराच वेळ तो एक पेटी उघडत-मिटत राहिला. मग जे बोलला ते बाईंच्या सगळ्या इंग्रजी मासिकांत नसेल.

"आमना मागले पुठ्ठासना पट्टा ऱ्हास, बाई. पट्टाले जशा भोकं पाडात, तसं साडीवर फूल उठस. मशीनले काय म्हाईत फूल काय ऱ्हास ते? मी वीस वरीस मशीन चालाडस आन् हाईच माले समजनं नही. भोकं पाडनारा कोन, ते पहिले इचारनं पडस."

बाई उठल्या. मला वाटलं, आता वर्गाला टाळ्या वाजवायला सांगतील. पण त्यांनी फक्त खडू त्याच्यापुढे धरला. "हे पोरांना सांगाल का? तुमच्याच बोलीत. मला इतकं चांगलं सांगता येत नाही." तो लाजला, नाही नाही म्हणाला, आणि मग फळ्यावर वाकडातिकडा पट्टा काढून अर्धा तास बोलला. सुटीची घंटा झाली तरी एक पोर हललं नाही. रेखा आपल्या जुन्या जागी, शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती. स्थळाचं काय झालं ते आम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीत ती 'हजर' म्हणाली, तेवढं पुरे होतं. पुढे ती दहावी झाली, बारावीत एकदा अडकली, मग सुटली. हल्ली एका शाळेत शिकवते.

शाळेत पहिला खराखुरा कंप्युटर आला तो बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी. कुणा दानशूराने दिलेला. धूळ बसू नये म्हणून मुख्याध्यापकांच्या खोलीत कापडाखाली. बाईंनी भांडून एक दिवस मिळवला आणि सगळ्या शाळेला रांगेत उभं केलं. प्रत्येक पोराने आपल्या नावाचं पहिलं अक्षर दाबायचं, पडद्यावर बघायचं, पुढे सरकायचं. बाई रांगेत सगळ्यांत शेवटी. त्यांची पाळी आली आणि वीज गेली. आम्ही तासभर थांबलो. "असू द्या," त्या पर्स उचलत म्हणाल्या. "त्यांनी बघितलं ना."

निवृत्त होऊन त्या धुळ्याला भावाकडे गेल्या. तिथून त्यांचं एक कार्ड आलं. प्रकृती बरी आहे, भाचीला त्रैराशिक शिकवते आहे, आणि खाली बारीक अक्षरात, "इथे फार शांत आहे. मागांचा आवाज नाही. झोप लागत नाही." मी चार पानी उत्तर लिहिलं. शाळेच्या बातम्या, नवे मुख्याध्यापक, कुठली मुलं कुठे लागली, सगळं. तीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या मला नेमकं वाक्य कसं असतं हे त्यांच्या भिजलेल्या टेबलापाशी उभं राहून कळलं, हे मात्र लिहायचं राहून गेलं. पुढच्या पत्रात लिहू म्हटलं होतं. मग त्यांच्या भावाचंच पत्र आलं.