मखरातलं जपानी विमान

परागला सोसायटीत कुणी फारसं विचारत नसे, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे. दिवसभर कुरिअर कंपनीत लोकांची पार्सलं मार्गी लावायची आणि संध्याकाळी इंद्रलोक वसाहतीतल्या आपल्या घरी, बाल्कनीतल्या टेबलाशी बसून प्लास्टिकची विमानं जोडायची, एवढ्यात त्याचा जीव रमायचा. लोक याला पोरखेळ म्हणत. म्हणोत बापडे.

यंदा त्याने जपानी हवाई दलाचं एफ-टू हे लढाऊ जेट मागवलं होतं. प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेला एकेक बारीक भाग कापायचा, पॉलिश पेपरने घासायचा, श्वास रोखून चिकटवायचा. अंगावरचा समुद्री निळा रंग बाजारात मिळेना, तो त्याने स्वतःच मिसळून जमवला. वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टेसुद्धा रंगवले. शेवटी जपानी झेंड्यावरच्या लाल गोलांचे स्टिकर पाण्यात भिजवून पंखांवर सरकवले, तेव्हा आयुष्यात आपल्या हातून एक तरी गोष्ट निर्दोष झाली, असं त्याला वाटलं. असं वाटण्याचे प्रसंग त्याच्या वाट्याला फारसे आले नव्हते.

मग गणपती आले. सोसायटीचा देखावा यंदा सैन्यदलाचा होता. पराग ऑफिसच्या कामाने नाशिकला गेला असताना सेक्रेटरी जितेश घरी आला, त्याने कपाटातलं विमान मागितलं आणि परागच्या बायकोने, सुचेताने, ते हौसेने दिलं. नवऱ्याची वस्तू बाप्पापुढे मांडणार, याहून मोठा मान तिला ठाऊक नव्हता.

परतल्यावर पराग थेट मांडवात गेला. कापसाच्या ढगांवर नायलॉनच्या दोऱ्याने एक विमान टांगलेलं होतं. ते त्याला आधी ओळखूच आलं नाही. केबिन रोडवरच्या दुकानातून आणलेल्या ऑइलपेंटचे केशरी, पांढरे, हिरवे पट्टे जाडजूड फासले होते. ओघळ आले होते. थिनर लागून कॉकपिटची काच दुधाळ झाली होती आणि आतली खुर्ची दिसत नव्हती.

"पराग भाई, बाप्पासमोर जपानचं विमान कसं चालेल?" जितेशने पाठीवर थाप मारली. "इसलिए आपले रंग मारले. आता आपलं वाटतंय ना?"

या रंगांना नावं ठेवायची म्हणजे देशद्रोही ठरायचं. पराग मान डोलावून घरी आला आणि सगळा राग सुचेतावर काढला. एक फोन करता येत नव्हता का, असं त्याने विचारलं. तिला आपलं काय चुकलं तेच कळेना. सगळ्यांना तर आवडलं होतं.

सजावट स्पर्धेत सोसायटीचा पहिला नंबर आला. सत्काराच्या दिवशी माईकवरून परागचं नाव पुकारलं गेलं, पण तो खुर्चीतून हलेना. ते माझं काम नाही, मी जाणार नाही, असं त्याने सुचेताला बजावलं.

नवी साडी नेसलेली सुचेता त्याच्याकडे वळली. "त्या विमानापायी मी कितीदा एकटी जेवलेय, कधी बोलले नाही," ती हळूच म्हणाली. "आज माझ्यासाठी एवढं कर."

पराग उठला. त्याने शाल घेतली, नारळ घेतला, फोटोला उभा राहिला. विमानाबद्दल दोन शब्द बोला, असं म्हणत जितेशने माईक पुढे केला.

"विमान साधंच होतं," पराग म्हणाला. "या रंगांनीच खरी शोभा आली."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात सुचेता वाजवत होती.