लाल आकड्यांचे धावडे

भोसगे सरांची आणि माझी पहिली गाठ तुळजापूरच्या घाटाजवळच्या डोंगरात पडली. मी लोहाऱ्याहून एसटीनं आलेला, कॉलेजच्या पहिल्या वर्षातला पोरगा. सर एका धावड्याच्या बुंध्याला टेप गुंडाळून, मिठी मारल्यागत उभे होते. दुपारपर्यंत तेच चाललं. मी वैतागून विचारलं, "सर, झाडं मोजून काय होतंय?"

"मोजल्याबिगर कमी झालेलं कळत न्हाय, बाबा," सर म्हणाले. उतरताना माझी चप्पल तुटली, तर त्यांनी झोळीतली सुतळी काढून ती स्वतः बांधून दिली. मी तेव्हाच त्यांचा झालो.

बालाघाटाच्या या कोरड्या डोंगरांत धावडा कुठं उगवतो, कुठं नाही आणि का नाही, यात सरांनी उभी हयात घातली. उत्तरेच्या उतारावर, कातळाच्या फटीत ओल टिकते तिथंच तो तग धरतो, हे ते एकेका झाडापाशी बसून शिकले. मूठभर बी गोळा केलं तरी बहुतेक पोकळ निघतं. शेळ्या राखणारे बिराप्पामामा दिसले की सर वही उघडून त्यांच्या शेजारी बसत. मामांना ते गुरूच मानत.

सरांच्या या गौरवग्रंथात गोड लिहावं म्हणतात. माझ्यानं होत नाही.

मोजणीसाठी झाडांना ठोकलेल्या पत्र्याच्या नंबरपाट्या चोरीला जायच्या. मी तोवर सरांच्याच कॉलेजात शिकवायला लागलो होतो. "सर, लाल ऑइलपेंटनं आकडेच टाकू," हे माझं डोकं! सर कां-कू करत होते, मीच हट्ट धरला. आठवडाभरात सगळा उतार रंगवला आणि स्वतःवरच खूश झालो. पुढच्या उन्हाळ्यात माथ्यावर पवनचक्कीसाठी रस्ता निघाला. आम्ही गेलो तेव्हा उतारावर नुसती खोडं होती.

बिराप्पामामा समोर आले. "मास्तर, म्या लई आडवा आलो. तोडणारे म्हणले, तोडायच्या झाडालाच लाल नंबर आसतोय. नंबर तर तुमीच टाकलेले न्हवं?"

सर वही काढून खोडं मोजायला लागले. पुढं चौकशी झाली, कॉलेजात कुजबुज झाली. सर प्रत्येकाला एकच सांगत राहिले, "रंग मीच लावला." माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. मी मूग गिळून बसलो. त्यानंतर सरांनी मला एका शब्दानं कधी टोचलं नाही, हेच जास्त लागतं.

खोडांना धुमारे फुटतात, शेळ्या ते खातात; त्यांना तरी दुसरं काय उरलंय? सर आजही काठी टेकत जातात, जिवंत खोडं मोजतात. दर खेपेला कमीच भरतात.

सरांना आता पंच्याहत्तरावं लागलं. शंभर वर्षं जगा म्हणायची रीत आहे, पण शंभर वर्षांतही तो उतार पुन्हा भरेल असं मला वाटत नाही. तरी आई भवानीकडं मागणं आहे, सरांचे गुडघे आणि नजर शाबूत राहू दे. सर, कल्पना माझी होती, ब्रशही माझ्याच हातात होता. एवढं छापून राहू द्या. आणि तुम्ही खूप जगा. तो डोंगर मला एकट्याला बघवत नाही.